बाईसाहेबांची छाती

तात्या घोडेस्वारीच्या शाळेत मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करायचा, ठाणं झाडायची, दाणापाणी बघायचं आणि शिकायला आलेल्या मुलांना उचलून घोड्यावर बसवायचं, हे त्याचं काम. माणसांशी त्याचं बोलणं मोजकंच. घोड्यांशी मात्र गप्पांना खळ नसे. त्यातही बाईसाहेब नावाची तपकिरी घोडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. बायको म्हणायची, "अहो, माझ्या केसांवरून कधी एवढ्या मायेनं हात फिरवलात का?" तात्या मुकाट्यानं जेवत राही, आणि त्यातच त्याचं शहाणपण होतं.

ही बाईसाहेब खोकू लागली. आधी नुसती खाताना, मग चढावर, आणि पुढे तर उभ्या जागी तिच्या नाकपुड्या फुलायच्या, पोट भात्यासारखं हलायचं. औषधं झाली, गुण येईना. शाळेचे साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्यावर पोरांची जबाबदारी.

"तात्या, धाप लागलेल्या घोडीवर मी मूल कसं बसवू? आणि संसर्ग असला तर बाकीचे घोडेही आजारी पडतील. नव्या डॉक्टरबाईंना दाखवू. त्यांनीही हात टेकले, तर तिला या त्रासातून सोडवायचं."

सोडवायचं म्हणजे काय, ते तात्याला कळलं. मग तो सेवेला असा काही भिडला की विचारू नका. वारा लागू नये म्हणून त्यानं खिडकीत गोणपाट कोंबलं, खाली जाडजूड पेंढा पसरला. माळ्यावरचं वाळलेलं गवत आणून, गादीचा कापूस पिंजावा तसं तो ते तिच्या नाकासमोर झटकून मोकळं करी. घोडी आणखीच खोके, आणि हा आणखी झटके.

डॉक्टरबाई आल्या. छाती, हृदय, सगळं तपासून म्हणाल्या, "बाहेरून सगळे खोकले सारखेच वाटतात. आत शरीरानं काय खुणा ठेवल्यात ते बघू." त्यांनी रक्त घेतलं. मग गुंगी देऊन नाकातून लांब नळी फुफ्फुसात सोडली, थोडं पाणी आत घातलं आणि परत ओढून घेतलं. तात्यानं तिचं डोकं खांद्यावर घेतलं होतं. "झालं हं, झालं माझे आई," असं तो सारखं पुटपुटत होता. शेजारच्या धडधाकट घोड्याचंही रक्त ताडून बघायला नेलं.

निकाल येईपर्यंत तात्याचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी बाई स्वतःच तबेल्यात आल्या.

"जंतू नाहीत, म्हणजे संसर्ग नाही. पण फुफ्फुसातून काढलेल्या पाण्यात सुजेच्या पेशी भरमसाट आहेत, आणि रक्तातल्या खुणाही तेच सांगताहेत. जुनाट दमा आहे. धुळीनं होतो."

"बरा होईल?"

"मुळापासून नाही. पण आवरता येईल. धूळ बंद झाली पाहिजे."

"धूळ? माझ्या ठाणात?" तात्याचा अभिमान दुखावला. कसं निवडून गवत घालतो ते दाखवायला त्यानं एक पेंढी उचलली आणि नेहमीसारखी झटकली. दारातून येणाऱ्या उन्हात धुळीचा लोट उठला आणि तिथेच तरंगत राहिला. बाईसाहेब खोकली.

"तात्या, ही धूळ तुम्हीच तिला रोज भरवताय," बाई म्हणाल्या.

घोडं इथे पेंड खात होतं! तात्या उलट्या बादलीवर बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

त्याच दुपारी त्यानं गोणपाटं उपटली, पेंढा बाहेर काढला. बाईसाहेबांचा मुक्काम कुरणातल्या उघड्या छपराखाली हलला. गवत आता पाण्यात भिजवूनच मिळू लागलं, आणि तोंडावर मुखवटा लावून वाफाऱ्यासारखं औषधही. दुसऱ्या तपासणीपर्यंत थांबायला साहेब कबूल झाले, आणि त्याबद्दल तात्या त्यांना अजून दुवा देतो.

दुसऱ्यांदा नळी घातली, रक्त घेतलं. पेशी चांगल्याच उतरल्या होत्या, रक्तही तेच म्हणत होतं. साहेब म्हणाले, "पळवायचं नाही. पण लहान मुलांना पाठीवर घेऊन हळू चालू दे." तात्याचा जीव भांड्यात पडला.

बायको एकदा कुरणात आली. तात्या ओलं गवत घेऊन, बाह्यांतून पाणी गाळत हाका मारत होता, आणि बाईसाहेब मान वर न करता लांबवर चरत होत्या.

"बघा, तुमच्यावाचून किती छान चाललंय तिचं!"

तात्या पोटभर हसला. त्याला खरंच बरं वाटलं होतं. छाती दुखत असतानाही ही बिचारी आपल्या हातचं खात राहिली, एकदाही तोंड फिरवलं नाही, हे आठवून तो गवत घेऊन तिच्याकडे चालू लागला.

पुढे एकदा घोडीला बघून डॉक्टरबाई निघाल्या तेव्हा तो फाटकापर्यंत पोचवायला गेला. बाई थोड्या अवघडून म्हणाल्या, "तात्या, त्या दिवशी मी फार तोंडावर बोलले. लागलं असेल तुम्हाला."

"लागलं ना, खूप लागलं," तात्या म्हणाला. "पण बाई, तुम्ही बोलला नसतात तर मीच तिला मारली असती. आणि वर लोक म्हणाले असते, तात्यानं किती जीव लावला होता तिला."