मोठे पिस्टन

अकोटच्या जिनिंग फॅक्टरीत इंजिनाच्या बाबतीत जानराव मिस्त्रींचा शब्द शेवटचा. इंजिन कुरकुरलं, की मालकसुद्धा मागे सरून उभे राहत. केशवराव वकिलांनी एका गोऱ्या साहेबाची जुनी मोटार घेतली, तीही मग त्यांच्याच हाताखाली आली. या मोटारीच्या इंजिनाला पाणी लागत नसे. पुढच्या पंख्याच्या वाऱ्यावर ते थंड राही.

पुढे पिस्टन झिजले. मुंबईच्या दुकानदाराने विचारलं, मूळ मापाचे पाठवू, की मोठे, सिलिंडरांसकट?

"मिस्त्री, तुम्ही म्हणाल ते मागवतो," वकील म्हणाले.

मूळ मापाचे पुरेसे होते, हे जानरावांना ठाऊक होतं. पण पूर्णा नदीच्या चढावर टपालाची लॉरी या मोटारीला मागे टाकून जाई, आणि जिनातले लोक विचारत, "काय मिस्त्री, तुमची बकरी दमली वाट्टे?" जानरावांनी मोठे मागवले.

नवे सिलिंडर अंगाने रुंद निघाले. त्यांच्यावर इंजिनाभोवतीचं पत्र्याचं जुनं आवरण काही केल्या बसेना. जिनातलं इंजिन उघडंच असतं, आणि उघड्या वस्तूला वारा जास्त लागतो, एवढं तर कोणीही सांगेल. त्यांनी आवरण काढून बाजूला ठेवलं.

"पत्रा नाई लावत का?" मोटार चालवणाऱ्या नत्थुजीने विचारलं.

"तुले काय करा लागते? तू गाडी चालव."

पहिल्याच फेरीत मोटारीने लॉरीला मागे टाकलं. जानराव पुढे बसले होते. त्यांनी मान बाहेर काढून लॉरीवाल्याला रामराम केला.

चैत्र उतरणीला लागला होता. वकिलांची सरोजिनी मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरला अकोल्याला निघाली. वाटेत चोहोट्टा गावापुढे इंजिन जाम झालं. पोरगी कडब्याच्या बंडीत बसून पोचली, तेव्हा पेपर अर्धा होऊन गेला होता; तिला आत घेतलं नाही.

जानरावांनी इंजिन उघडलं. पिस्टन सिलिंडरला चिकटले होते. त्यांनी काढून ठेवलेला पत्रा आणून सिलिंडरांवर धरून पाहिला. पत्रा वारा अडवत नव्हता. पंख्याचा वारा धरून सिलिंडरांवर नेत होता. तो काढल्यावर सगळा वारा नुसता इकडेतिकडे पांगला.

ते वकिलांच्या घरी गेले, तेव्हा नत्थुजीला कामावरून काढलं होतं.

"गधड्याने तेल न पाहता गाडी पिटाळली," वकील म्हणाले.

"साहेब, चूक माही आहे. पत्रा म्या काढला," जानराव हळूच म्हणाले.

"राहू द्या, मिस्त्री. त्याला पाठीशी घालू नका. तुमचा हात का आम्हाला माहीत नाही?"

जानराव फाटकाकडे वळले. छाती हलकी झाली, आणि ती हलकी झाली याचीच त्यांना लाज वाटली. फाटकाशी सरोजिनी उभी होती. तिने नेहमीसारखं "या काका" म्हटलं. त्यांना तिच्याकडे पाहवलं नाही.

नत्थुजी घराच्या ओट्यावर बसला होता. जानरावांनी सगळं सांगितलं.

"एकडावच सांगतलं?" नत्थुजीने विचारलं.

"त्यायले पटलं नाई."

"अन् तुमाले बरं वाटलं. लॉरीवाल्याले रामराम करताना तं मान लय बाहेर काढली होती, मिस्त्री!"

जानराव तसेच उलट फिरले. वकिलांच्या बैठकीत आता पक्षकार जमले होते. जिनाचे दिवाणजीही होते. उद्या ही गोष्ट साऱ्या जिनात पसरणार, हे जानरावांना दिसत होतं. त्यांनी दारातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मोठे पिस्टन गाडीले नोयते पायजे, साहेब. मलेच पायजे होते. बसत नाई म्हणून पत्रा काढला, म्हणून इंजिन जाम झालं. नत्थूनं तं इचारलं होतं, म्या त्याले गप्प केलं."

वकिलांनी चष्मा काढला.

"सरोजिनीला सांगितलंत?"

"नाई."

"ती आत आहे."

जानरावांनी दारात वहाणा काढल्या आणि पक्षकारांच्या मधून वाट काढत ते आत गेले.