ताकाचे पैसे

सारजाकाकू कॉलेजात आल्या त्या म्हशींपायी.

जळोचीच्या कम्युनिटी कॉलेजात वर्षभराचा अभ्यासक्रम होता. व्यवसाय, जीवशास्त्र आणि पर्यावरण. वर्गात सगळी विशी-पंचविशीतली पोरं, आणि त्यांत काटेवाडीच्या काकू एकट्या पन्नाशीच्या. शेजारी वल्लरी बसायची. तिनं मराठी साहित्यात एम.ए. केलं होतं आणि नोकरी नव्हती. काकूंना भरभर लिहिता येत नसे, ते वल्लरी लिहून द्यायची. काकू तिच्यासाठी भाकरी आणायच्या. मैत्री जमायला तेवढं पुरलं.

काकूंचा मुलगा ऋषिराज माळेगावला साखर कारखान्यात होता. घरच्या दोन म्हशी त्याला नकोशा झाल्या होत्या. वैरण महाग, शेण काढायला माणूस मिळत नाही. इंदापूरचं गिऱ्हाईकही त्यानं बघून ठेवलं होतं. काकूंनी त्याला कसंबसं थोपवलं होतं. वर्षाअखेरी कॉलेजात बाजार भरायचा. प्रत्येकानं आपला माल विकायचा. ज्याची विक्री सगळ्यांत जास्त, त्याला कॅन्टीनची एक खिडकी वर्षभर चालवायला मिळायची. काकूंना खिडकी मिळाली तर म्हशी ठेवायच्या, नाहीतर विकायच्या, असं मायलेकांत ठरलं होतं.

काकूंनी माल निवडला ताक. उन्हाळा होता. वैरणीपासून जिऱ्यापर्यंत सगळा खर्च त्यांनी वर्गात नीट मांडला, भाव काढला. व्यवसाय शिकवणारे रमाकांत सर खूश झाले. कागदावर कुठंच काही अडलं नाही.

बाजाराच्या दिवशी काकूंनी घरचा माठ आणला. पर्यावरणाच्या तासाला प्लास्टिकचं ऐकलं होतं, म्हणून पेले स्टीलचे. पहिला आला वर्गातला मिहिर. पाण्याची बाटली त्यानं पाठीमागं धरली होती.

“ताकाला आलास आन् भांडं लपवतोस व्हय रं?” काकू म्हणाल्या. पोरं हसली. मिहिरनं बाटली पुढं केली. काकूंनी ती गळ्यापर्यंत भरली. त्यानं पैसे काढले.

काकूंनी त्या पैशांकडं बघितलं. हात पदरालाच राहिला.

“ठेव खिशात,” त्या म्हणाल्या.

दुसरा आला, त्यालाही तेच. मग बातमी पसरली आणि रांग लागली. पलीकडे श्रियाच्या सँडविचच्या टेबलावर पोरं सँडविच घेत होती आणि ताक प्यायला इकडं येत होती.

वल्लरी धावत आली. “काकू, हे काय चाललंय?”

“ताकाचं पैसं घेत न्हाईत बाई.”

“कोण घेत नाही?”

“कुनीच न्हाय. दूध इकावं, तूप इकावं. ताक दारात आलेल्याला घालावं. न्हायतर म्हस आटती.”

“म्हैस कशानं आटते ते जीवशास्त्राच्या पेपरात तुम्हीच लिहिलंत. पैकीच्या पैकी मार्क मिळाले.”

“लिवलं की. बरोबरच लिवलं.” काकू पेला विसळत होत्या. “पन म्हशीनं कुठं वाचलंय त्ये?”

माठ अजून अर्धा होता. वल्लरी टेबलामागं जाऊन उभी राहिली. “तुम्ही नुसतं ओता. पैसे मी घेते.”

“तू घेतलं तरी ताक माझंच न्हवं का?”

“म्हशी जातील, काकू.”

“व्हय,” काकू म्हणाल्या आणि पुढच्याचा पेला भरला. वल्लरी त्यांच्याकडं बघत राहिली.

दुपारी माठ पालथा झाला. रमाकांत सर आले. ते चांगले गृहस्थ होते, पण विक्रीच्या रकान्यात त्यांना शून्यच लिहावं लागलं.

“मी तरी काय करू, काकू?”

“काय बी करू नका सर. ताक प्यालात का?”

“प्यालो.”

“मग झालं.”

खिडकी श्रियाला मिळाली.

रविवारी इंदापूरचा टेम्पो आला. वल्लरी काटेवाडीला गेली होती. काकूंना एकटीला सोसणार नाही, असं तिला वाटलं होतं. काकूंनी थोरल्या म्हशीला स्वतः फळीवरून चढवलं. गळ्यातलं दावं काढून घेतलं. जनावर विकलं तरी दावं घरीच ठेवतात. ऋषिराज धाकटीला सोडायला गोठ्यात गेला आणि मोकळ्या हातानं बाहेर आला.

“आये, सगळ्या कॉलेजला फुकट पाजलंस,” तो म्हणाला. “आता आमाला चहाला तरी इकतचं दूध नगं. ऱ्हाऊ दे ही घरापुरती.”

काकूंनी हातातलं दावं खुंटीला अडकवलं. टेम्पो गेला.

दुसऱ्या दिवशी ताक झाल्यावर शेजारची कुशाबाई तांब्या घेऊन दारात आली. रोजच यायची.

“एकच म्हस हाय आता,” काकू म्हणाल्या. “आर्धाच देते.”

“आर्धा तर आर्धा.”

राहिलेलं त्यांनी पेल्यात ओतून वल्लरीपुढं ठेवलं. ती रात्री तिथंच राहिली होती.

“तुम्हाला?” वल्लरीनं विचारलं.

“माझं काय, उंद्या,” काकू म्हणाल्या आणि वैरण टाकायला गोठ्यात गेल्या.