पॉलिशवरची पावलं

आधीच सांगून टाकते — मी असल्या गोष्टींची टिंगल करणाऱ्यांतली आहे. शाळेत विज्ञान शिकवते. मांजर आडवं गेलं तर मी मांजराची विचारपूस करते. तेव्हा हे वाचून कोणी हसलं तरी राग नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीही हसलेच असते...

आम्ही आदिलाबादला राहतो, कापूस मार्केटच्या मागच्या बाजूला. घर साधंच, पण पुढच्या खोलीची जमीन सागवानी फळ्यांची आहे. आमच्या गावचं, जैनथचं जुनं घर उतरवलं तेव्हा सासऱ्यांनी — आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू — त्याचं लाकूड चिरून इथे बसवून घेतलं. गुडघ्यांना टाइल्स गार लागतात, हे सांगायचं कारण. खरं कारण हौस. त्या जमिनीचे नियम देवघरापेक्षा कडक होते. मऊ झाडूनं केर काढायचा, फडकं घट्ट पिळून लाकडाच्या रेषेनं फिरवायचं, आणि पाण्याचा थेंब दिसला की कोरडा करायचा. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा जन्म शेणानं सारवण्यात गेलेला. त्यांनी पहिल्याच पोळ्याला बादलीभर पाणी ओतून खोली धुतली. फळ्या फुगल्या, आणि मामाजी जे ओरडले ते मार्केटपर्यंत ऐकू गेलं असेल. तेव्हापासून फडकं पिळताना आई पुटपुटायच्या, "नाई तं वरडतीन."

गेल्या कापसाच्या सीझनमध्ये मामाजींचं हार्टचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पॉलिशवाल्या रशीदभाईंकडून खोलीला नवा कोट मारून घेतला. आपण परत येईपर्यंत चांगला कडक होईल, हा त्यांचा विचार. "कल शाम तक कोई पाँव नहीं रखना," असं बजावून रशीदभाई गेले.

सकाळी गाडी आली. मामाजी चपला घालून मागच्या दाराकडे वळले, तर आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडव्या उभ्या.

"दवाखान्यात जानारा मानूस मांगच्या दारानं निघत नसते."

"अवं, पॉलिश ओलं हाय."

"असू द्या. पुढूनच जायचं."

मला वाटलं, आता ओरडा ऐकावा लागणार. पण मामाजींनी एकदा आपल्या चकचकीत जमिनीकडे पाहिलं, एकदा आईंकडे, आणि चपला हातात घेऊन अनवाणी सरळ पुढच्या दारातून निघून गेले. आईंपासून दारापर्यंत पावलांची रांग उमटली. उजव्या पायाची करंगळी तरुणपणी बैलाच्या खुराखाली गेली होती, त्यामुळे ते पाऊल चारच बोटांचं. मला तेव्हा रागच आला, खरं सांगते. नव्या पॉलिशची वाट लागली होती. मी फोटो काढून रशीदभाईंना पाठवला.

पॉलिश वाळल्यावर ते आले. थिनरचं फडकं घेऊन एक ठसा चोळून पाहिला — ढिम्म. "जम गया, भाभी. मशीन से घिसना पडेगा." मशीनचा प्लग लावतात तोवर आई तांदळाचं सूप घेऊन आल्या आणि पावलांच्या मधोमध बसून निवडायला लागल्या.

"आई, उठा ना."

"काऊन घासून राह्यली तू? मानूस बाहेर असतानी त्याच्यामांगं पुसत नसते, रेखा. मढं निघाल्यावर पुसतेत."

"अहो, ते ऑपरेशनला गेलेत."

"म्हनूनच सांगून राह्यली. येऊ दे त्यायले घरी. मंग मीच पुसतो."

रशीदभाईंनी गुपचूप वायर गुंडाळली.

मामाजी आले नाहीत. ऑपरेशन झालं, पण ते शुद्धीवर आलेच नाहीत. नागपूरहून येताना पैनगंगा ओलांडली की आदिलाबादच्या आधी जैनथचा फाटा लागतो. भाऊकी तिथेच जमली होती. आईंनी मामाजींसोबत गेलेल्या माझ्या नवऱ्याला फोनवर एकच मागणं केलं, "एक घंटा घरी आना रे त्यायले, मंग न्या." तो म्हणाला, आई, सगळे खोळंबलेत. गाडी फाट्यावरून तशीच गावात गेली. आम्हीही घराला कुलूप लावून जैनथला गेलो. वाटेत आई रडल्या नाहीत. "घरी नाई आले वो ते," एवढंच एकदा म्हणाल्या.

तेरवी करून आम्ही परतलो. भर दुपार होती. कुलूप तसंच होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. पावलं होती. पण काहीतरी चुकत होतं... टाचा माझ्याकडे होत्या. बोटं आतल्या बाजूला. चार बोटांचं उजवं पाऊल, पाच बोटांचं डावं, दारातून सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत — त्या दिवशी आई उभ्या होत्या तिथपर्यंत.

मी फोन काढून जुना फोटो पाहिला. त्यात बोटं दाराकडे होती.

आई मागून आल्या. क्षणभर पाहत राहिल्या. घाबरल्या नाहीत, दचकल्याही नाहीत.

"आले," त्या म्हणाल्या.

मग पावलांच्या कडेकडेनं आत गेल्या, फडकं भिजवलं, घट्ट पिळलं. "नाई तं वरडतीन," ओठांतल्या ओठांत आलंच. आणि लाकडाच्या रेषेनं त्या पुसत निघाल्या. थिनरला न हललेले ठसे साध्या पाण्याच्या फडक्यानं एकेक करून गेले. शेवटचं पाऊल उंबऱ्यापाशी होतं. त्यावर त्यांनी हात ठेवला, आणि तेव्हा कुठे त्या रडल्या. मीही त्यांच्याशेजारी बसून रडले.

पुढे रशीदभाई भेटायला आले तेव्हा त्यांनी जमिनीवरून बोटं फिरवली. कुठे जोड नाही, खाच नाही. "किसने किया, भाभी? हमसे भी अच्छा किया है."

माझा नवरा म्हणतो, उजेडामुळे ठसे उलटे भासले असतील. असेल. पण टाच आणि बोटं यांत उजेड काय गोंधळ घालणार? आणि गेले कसे? फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे, कारण मात्र सापडलेलं नाही. विश्वास माझा आजही नाही... पण घरातलं कोणी गावाला निघालं की त्या दिवशी पुढची खोली पुसायचं फडकं तारेवरच राहतं.