तिसरं शील

घाटकोपरच्या वस्तीत कुंडलिकला सगळे गुरुजी म्हणायचे. माणूस टेम्पो चालवणारा, गोरेगावच्या स्टुडिओत सेटचं सामान पोचवणारा. पण रविवारी सकाळी पांढरा शर्ट घालून विहारात पोरांना पंचशील शिकवायला बसला की जिभेवर साखर. हिंसा नको, चोरी नको, खोटं नको, दारू नको. एकेकावर गोष्ट तयार. दारूच्या गोष्टीत तर झोकांड्या खाऊन दाखवायचा, पोरं हसून लोळायची. तिसऱ्या शीलाला मात्र, म्हणजे बाईमाणसाशी वाईट वागू नये ह्याला, गडी घसा खाकरायचा. "हे मोठे झालात की कळेल," म्हणायचा आणि थेट चौथ्यावर उडी. कळेल कुठून, आभाळातून पडून?

त्याच्या प्रबुद्धला कळलं ते मोबाईलवरून. दहावीच्या क्लाससाठी बापानेच घेऊन दिलेला. पोरगा दार लावून बसायचा आणि त्याची आई, सुंदराबाई, शेजारणींना कौतुकाने सांगायची, "अभ्यास करतोय." कसला अभ्यास, कप्पाळ!

एका रविवारी शेजारची चेतना रडतच विहारात आली. वर्ग सुटल्यावर प्रबुद्धने जिन्यात तिच्या मुलीचा, दर्शनाचा हात धरला होता. पोरगी नको नको म्हणत रडत होती, तरी सोडेना. शेवटी ती किंचाळली, खालून माणसं धावली, तेव्हा सोडला. मनगट सुजलं होतं.

"भाऊ, लहानपणापासून एकत्र खेळलेत हो," चेतना एवढंच म्हणाली.

कुंडलिक तडक निघाला. घरी सुंदराबाई म्हणाली, "वयच तसं आहे. मिटवून टाका, चार लोकांत शोभा नको."

"गप बस तू!" तो ओरडला आणि पोराकडे वळला. "नको म्हणत होती ना रे ती?"

"पोरी म्हणतातच नको." प्रबुद्धला खरंच नवल वाटत होतं. "मनात तसं नसतं, पप्पा. सगळ्या व्हिडिओत तेच असतं."

बापाचा हात उठला. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच नाही. तुम्ही तर तिसरं शील सोडूनच देता ना."

उठलेला हात तसाच खाली आला.

संध्याकाळी पोराला घेऊन तो चेतनाच्या दारात उभा राहिला. दार उघडलं नाही. आतून दर्शनाचा आवाज आला, "काका, त्याला न्या इथून."

आठवडाभर टेम्पो चालवताना कुंडलिक शब्द जुळवत होता. लाज गेली खड्ड्यात, नको म्हणजे नको, हे पोरांना तोंडाने सांगायचं. रविवारी विहारात शिरला तर मुलगे येऊन बसले होते, प्रबुद्ध मान खाली घालून. मुलींची सतरंजी रिकामी. एकाही आईने आपली पोर गुरुजींच्या वर्गाला पाठवली नव्हती.

तो मुलांसमोर मांडी घालून बसला. मग घसा न खाकरता त्याने तिसरं शील समजावून सांगायला घेतलं.