सावंतबाईंनी लघवी सांडली नव्हती

“बाई, मागच्या वेळी तुम्ही लघवी सांडलीत. कबूल करून टाका ना.”

लॅबच्या काउंटरवर, रांगेतल्या पेशंटसमोर आमचे इन्चार्ज सावंतबाईंना हे ऐकवत होते. बाईंच्या हातात प्लास्टिकचा मोठा कॅन होता, त्याला जुन्या साडीचं फडकं गुंडाळलेलं. भांडुपच्या चाळीतून घाटकोपरच्या आमच्या ट्रस्ट हॉस्पिटलपर्यंत तो त्यांनी मांडीवर धरून आणला होता. बाजूला त्यांची अकरा वर्षांची शैला मान खाली घालून उभी.

“नाय वो साहेब. शाळेत धाडूक नाय तिका. खय गेली तरी मी डबो घेवन पाठसून. आख्खी चाळ हसता माका.”

“मग काय आमचं मशीन खोटं बोलतं?”

मशीन खोटं बोलत नव्हतं. बाईही बोलत नव्हत्या. हे त्या क्षणी तिथे एका माणसाला ठाऊक होतं, तो मी. एम.एस्सी. झालेला बायोकेमिस्ट. मी पाठ फिरवून धुतलेल्या टेस्ट ट्यूब पुन्हा धूत होतो.

शैलाला विल्सन्स डिसीज होता. आईवडिलांकडून येणारा, फार क्वचित दिसणारा आजार. अन्नातलं तांबं शरीराबाहेर पडत नाही, लिव्हरमध्ये आणि मेंदूत साचत जातं. हात थरथरतात, जीभ जड होते. पेनिसिलामाइन नावाचं औषध ते तांबं लघवीवाटे काढतं. त्या गोळ्यांनी शैला पुन्हा ओळीत लिहायला लागली होती. मात्र हेच औषध काही जणांच्या किडनीला त्रास देतं, म्हणून किडनीवर लक्ष ठेवावं लागतं.

त्यासाठी आमच्याकडे टेस्ट होती क्रिएटिनिन क्लिअरन्स. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंमधून रक्तात येणारा कचरा. पूर्ण चोवीस तासांची लघवी आणि थोडं रक्त तपासलं की किडनी तो किती वेगाने साफ करते हे कळतं. मोठ्या माणसात आकडा शंभरच्या आसपास येतो. शैलाचा पंचावन्न आला. लघवी सांडली तरी आकडा कमी येतो, म्हणून तिला बघणाऱ्या ऑनररी, म्हणजे मानद, डॉक्टरांनी पुन्हा कॅन भरून मागवला आणि खात्री होईपर्यंत औषध बंद केलं.

आता खरी गोष्ट. लहान अंगाची किडनीही लहान. म्हणून मुलाची उंची-वजन घेऊन आकडा मोठ्या माणसाच्या मापावर आणायचा असतो. तसं केलं की शैलाचा आकडा शंभराला टेकत होता. पोरीची किडनी ठणठणीत होती. आणि लघवी सांडली असती तर दिवसभराचं क्रिएटिनिन तिच्या वजनाच्या मानाने कमी भरलं असतं. ते बरोबर भरत होतं. बाईंनी थेंबही वाया घालवला नव्हता.

दुसऱ्या कॅनचाही आकडा तोच आला. मी इन्चार्जच्या केबिनमध्ये गेलो.

“सर, हे करेक्ट करून द्यायला हवं. मुलगी तीस किलोचीसुद्धा नाही.”

“ते डॉक्टर करतात.”

“डॉक्टरांना वाटतं आपण करून देतो.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “आणि आजवर पोरांचे जे रिपोर्ट गेले, त्यांचं काय करू? घरोघरी जाऊन सांगू? तू नवीन आहेस. पर्मनंट व्हायचंय ना? मग जा, काम कर.”

मी गेलो आणि काम केलं. इन्चार्जचा राग मला आजही येतो, पण त्यांनी माझे पाय बांधले नव्हते. डॉक्टरांची ओपीडी आमच्याच जिन्याने एक मजला वर होती. मी तो जिना चढलो नाही.

पुढे महिन्याभराने शैला रक्त द्यायला आली. मी तिचा हात टेबलावर धरला, तो थांबेचना. नाव विचारलं तर तोंडातून “थैला” आलं. तिची आई पटकन म्हणाली, “दमली हा ती.”

रक्त घेऊन झाल्यावर मी सरळ वर गेलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. “म्हणजे मी औषध बंद ठेवलं ते...” गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या, आणि बाईंना पुन्हा एकदा कॅन भरून आणायला सांगितलं. या वेळी रिपोर्ट उंची-वजन धरून गेला. नॉर्मल.

मला वाटलं, आता तरी कोणी त्या बाईची माफी मागेल. डॉक्टर लॅबमध्ये येऊन बाईंना काय म्हणाले? “बघा, या वेळी नीट जमवलंत.” इन्चार्ज शेजारी उभे राहून मान हलवत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

जाताना बाई काउंटरपाशी थांबल्या. खूश होत्या.

“साहेब, ह्या टायमाक माझी काय चूक झाली नाय ना?”

“नाही,” मी म्हणालो. आधीही झाली नव्हती, हे पुढचं वाक्य माझ्या तोंडून फुटलं नाही.

शैलाचा हात हळूहळू स्थिरावला. जीभ मात्र पुरती सुटली नाही. मी पर्मनंट झालो. इन्चार्ज शाल-श्रीफळ घेऊन रिटायर झाले. बाईंना कोणीच काही सांगितलं नाही.

आता माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या पोरांना मी एवढंच बजावतो. मुलाचा आकडा कमी आला तर आधी त्याचं वजन विचारा. आईवर संशय नंतर घ्या.