सानिकाचा बुटका खोका

काल कुरियरचा खोका उघडताना गोंदाचा वास आला आणि भांडुपच्या शाळेतला मी नववीला घेतलेला गणिताचा एक तास आठवला.

प्रत्येक गटाला सारखाच पुठ्ठा दिला होता. तो सगळा वापरून झाकणासकट असा खोका करायचा, की त्यात जास्तीत जास्त तांदूळ मावतील. मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या. "आज जमलं नाही, तर हे खेळ बंद," असं त्यांनी बजावलं होतं.

रोहनचा खोका उंच, रुबाबदार होता. सानिकाचा अगदीच बुटका.

"वाट लागली हिची!" रोहन हसला.

त्याच्या खोक्यातले काठोकाठ तांदूळ मी सानिकाच्या खोक्यात ओतू लागले. गोंद अजून ओला होता. तिने सांधे दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले होते. एक कोपरा उकलू लागला. तिने तो अंगठ्याने दाबून धरला. उंच खोका रिकामा झाला, तरी तिच्या खोक्यात बोटभर जागा उरली.

"असं कसं गं?" मुख्याध्यापिका पुढे आल्या.

"बाई, मी सगळ्या बाजू सारख्या केल्या. म्हणून जास्त मावलं," सानिका म्हणाली.

तेव्हा माझा उपक्रम वाचल्याचाच आनंद मोठा होता. आज आठवतो तो तिचा आवाज. वर्षभरात मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.