दाराआडची आत्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नातीलाही नाही, आणि तिला तर मी नको त्या गोष्टीही सांगते.

मी काढलेला एक फोटो आहे, लोकांना भारी आवडतो. दाराआड उभी विधवा, अर्धा चेहरा उजेडात, बाहेर हळदीकुंकू चाललेलं. मागच्या महिन्यात अंधेरीच्या प्रदर्शनात पुन्हा लावला. एक मुलगी डोळे पुसत म्हणाली, "आजी, किती करुणा आहे तुमच्या नजरेत." करुणा. माझं डोकं सणकलं — तिच्यावर नाही.

ही नजर आली कुठून? आमच्या वाकोल्याच्या घरात मुलींनी मान वर करून बघायचं नाही. मी चोंबडी. मग फटीतून बघायला शिकले. आणि फटीतून काय दिसायचं? माझी विधवा आत्या. सवाष्णी आल्या की ती दाराआड, दर वर्षी. मला वाटायचं, तिची जागाच ती.

पुढे कॅमेरा आला आणि अक्कल गेली. पंचविशीतली ती बया आठवली की थोबडवावीशी वाटते — खांद्याला झोळी, केस कापलेले, समाजाला आरसा दाखवायला निघालेली. स्वतःचं तोंड सोडून.

त्या संक्रांतीला शेजारच्या सावंतवहिनींकडे हळदीकुंकू. गॅलरीत बायका. आत्या आमच्या दाराआड. आणि वहिनी करंडा घेऊन थेट आमच्या उंबऱ्याशी आल्या. "आत्याबाई, बाहेर या. तुम्हाला लावल्याशिवाय मी आज हलणार नाही."

"येतंय गो," आत्या म्हणाली. हसली. एक पाऊल बाहेर टाकलं — आणि मी काय केलं?

"आत्या, थांब ना. होतीस तशी मागे हो, उजेड मस्त पडलाय. वहिनी, तुम्ही जरा बाजूला व्हा."

दाराबाहेरची आत्या माझ्या डोळ्याला चुकीची दिसली. बस, एवढंच. ती मागे झाली — माझ्यावर जीव होता तिचा. मी रोल संपेपर्यंत फोटो काढत बसले. तोवर वहिनींच्या सासूने हाक मारून त्यांना घरात नेलं होतं.

"झाला तुझा? बरा," म्हणत आत्या भाकऱ्या थापायला गेली. तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही. गेली तेव्हाही कपाळ कोरंच होतं.

मग फोटो छापून आला. लोक विचारायचे, हिला बाहेर न बोलावणारी ती दुष्ट बाई कोण? मी सांगायचे — आमच्या शेजारच्या सावंतवहिनी. बिनदिक्कत. चाळीस वर्षं. वहिनींच्या कानावर ते गेलंच. गॅलरीत समोर आल्या की त्या मान वळवायच्या, आणि मी चारचौघांत म्हणायचे, लाज वाटत असेल. कुणाला वाटायला हवी होती?

मूळ निगेटिव्ह माझ्याकडे आहे. त्यात डाव्या कडेला दोन बोटं आहेत, कुंकवाने माखलेली, आत्याच्या कपाळाकडे निघालेली. प्रिंट काढताना ती मी दर वेळी कापते. अंधेरीसाठीही कापली.